मागची रांग

घाम आणि शंका : वाचकांचे प्रश्न, पीटीच्या बाईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं 'क्लासला जाऊ का' याच प्रश्नाची. त्यातली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्रालाच जास्त जागा गेली, त्याला माझा इलाज नव्हता.

बाई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. वय ५२, एका पतसंस्थेत काउंटरला असते. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दिवाळीनंतर झुंबा सुरू झाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा ते सात वीस. मी महिन्याचे पंधराशे भरले, बूट घेतले, लेकीने टाइट्स मागवून दिल्या. त्याला आज तीन आठवडे झाले. नऊ क्लास झाले आणि मी एकदाही आत गेलेली नाही. म्हणजे घरातून निघते, क्लबहाउसच्या दारापर्यंत जाते. आत गाणं दणदणत असतं, काचेतून हात वर-खाली होताना दिसतात. मी तशीच पुढे गेटवर जाऊन दुधाच्या पिशव्या घेते आणि फिरून फिरून सव्वासातला घरी येते. घरच्यांना वाटतं मी क्लासला जाते. परवा मिस्टर म्हणाले, "चेहऱ्यावर तेज आलंय हो." मला रडू यायचं बाकी राहिलं.

माझं वजन ७८ किलो. नाचाचं म्हणाल तर गणपतीच्या मिरवणुकीत दोनदा हात वर केलेत तेवढंच. गुडघे कटकट वाजतात. क्लासमधल्या बहुतेक जणी माझ्या लेकीच्या वयाच्या, त्यांच्या स्टेप पाठ आहेत. सगळ्यात मागे, कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशी जागा मिळाली तर मी जाईन. पण तिथे समोर आणि बाजूला आरसे आहेत. काय करू?

ता. क. लिहू की नको असं झालंय. उडी मारली, जोरात शिंक आली की कपडे ओले होतात. दुसऱ्या बाळंतपणापासून आहे, पण गेल्या दोन वर्षांत वाढलंय. हे छापू नका.

ताई,

'छापू नका' म्हणालात म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि मग म्हणालात, "नाव नको. नाशिक चालेल, नाशिक मोठं आहे." म्हणून छापलं. महत्त्वाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, मीही शेवटीच लिहिते, कारण त्याला जागा लागणार आहे. मिस्टरांच्या तेजाचं म्हणाल तर तीन आठवडे क्लासच्या दर दिवशी पहाटे उठून पाऊण तास चालताय. तेज आलंही असेल.

आधी माझी फजिती ऐका. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली. लेझीम, डंबेल्स, कवायत, खो-खो. साठ मुलींना एका शिट्टीत वळवणारी बाई. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी सुनेच्या आग्रहाने साताऱ्यात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये झुंबाला गेले. मनात म्हटलं, मला काय शिकवणार ही पोर. तरी पाय मात्र तडक शेवटच्या रांगेत गेले, खांबाच्या आडोशाला. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात शिकवणारी काहीतरी ओरडली आणि अख्खा वर्ग गर्रकन मागे फिरला. आता मी सगळ्यांच्या पुढे! समोर भिंत, भिंतीला टेकवून ठेवलेला लग्नाच्या स्टेजचा थर्माकोलचा मोर, आणि पायांनी काय करायचं याचा पत्ता नाही. मी मोराकडे बघत उभी. वळून पाहिलं तर पंचवीस-तीस बायका माझ्या रोखाने नाचत येतायत.

मागच्या रांगेची मेख ही आहे. झुंबात वर्ग फिरतो, कधी पाव वळण, कधी अर्धं. अर्धं वळण झालं की शेवटची रांग पहिली होते आणि कोपऱ्यातली बाई एकटी पडते. नवख्या माणसाला चारही दिशांना कुणाचे तरी पाय दिसायला हवेत. अशी जागा मध्येच असते. दुसरी किंवा तिसरी रांग, शिकवणारीच्या अगदी नाकासमोर नको, थोडी बाजूला. तिथे तुम्ही झाकलेल्याही राहता. पुढून पाहिलं तर पुढच्या रांगेआड, मागून पाहिलं तर मागच्या रांगेआड. आरशांचं भय सोडा. त्या आरशातून शिकवणारीचे पाय दोन बाजूंनी दिसतात, हा फायदाच. आणि बाकीच्या आरशात कुणाकडे बघतात ते एकदा आत जाऊन बघाच.

आता, पुढे उभं राहिल्यावर काय दिसतं ते मी सांगू शकते, कारण माझा जन्म पुढे उभं राहण्यात गेला. चुकणारी दिसत नाही. २६ जानेवारीला मैदानावर दोनशे मुली लेझीम करायच्या. एखादीचा पाय उलटा पडलेला मला कधी दिसला नाही. लेझमीचा छन् मागाहून आला तर कानाला कळायचं, तेवढंच. झुंबात तेही नाही, स्पीकरपुढे कुणाचं काय ऐकू येतंय! दिसते ती थांबलेली. सगळं शेत वाऱ्यावर हलतंय आणि मध्ये बुजगावणं, तशी. म्हणून स्टेप निसटली की थांबू नका, कदमताल करा. शाळेत केलात तोच, जागच्या जागी, एक-दो, एक-दो. थांबू नका म्हणण्याला आणखी एक कारण आहे. जोरात चाललेलं शरीर एकदम थांबवलं तर रक्त पायांत साठून राहतं आणि डोकं हलकं होतं. कदमताल चालू असला की पोटऱ्या ते वर ढकलत राहतात. दमलात, घोटभर पाणी प्यायचंय, तरी पाय हलता ठेवून बाजूला व्हा.

डाव्या-उजव्याचा घोळ होणार, तो प्रत्येकीचा होतो. शिकवणारी तुमच्याकडे तोंड करून उभी असली की बहुधा ती आरशासारखी वागते. तोंडाने 'राइट' म्हणते आणि स्वतः डावीकडे सरकते. आम्ही पीटीवाल्यांनी हेच केलं, 'दाहिने' म्हणत डावीकडे. हजारो वेळा केलं. तरी समोरच्या बाजूला उभी राहिल्यावर पहिल्याच दिवशी मी शेजारणीच्या खांद्यावर जाऊन आदळले. "काकू, इकडून या," म्हणाली बिचारी. त्यानंतर मी मनात डावं-उजवं म्हणणं सोडलं. खिडकीकडे, दाराकडे, असं म्हणते. दार जागचं हलत नाही.

पहिले तीन क्लास हात विसरा. हात कमरेवर ठेवा, लोंबू द्या, काहीही. नजर शिकवणारीच्या गुडघ्याखाली ठेवा. पायांच्या स्टेप मोजक्या असतात, बाजूला दोन पावलं, पुढे-मागे, आणि एक मागून पाय टाकत सरकायची. आठाची मोजणी चालते आणि गाण्याला धृपद असतं. धृपद आलं की तीच स्टेप परत येते. पहिल्यांदा सुटते, दुसऱ्यांदा निम्मी जमते, तिसऱ्यांदा धृपद यायच्या आधी पाय तयार असतो. आणि मग गाणं संपतं! हा झुंबाचा अन्याय मला अजून पचलेला नाही. पण तीच गाणी पुढचे कितीतरी क्लास वाजत राहतात. तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलींना स्टेप पाठ आहेत त्या याच कारणाने. त्या नऊ क्लास आत होत्या आणि तुम्ही दुधाच्या रांगेत.

बूट कोणते घेतलेत ते लिहिलं नाहीत. पळायचे असले तर तळवा उलटा करून बघा. खोल खाचांचं रबर जमिनीला धरून ठेवतं. पळताना ते हवंच. झुंबात मात्र पाय जागच्या जागी फिरवायचा असतो. बूट फिरत नाही, वरचं शरीर फिरतं, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. लगेच दुसरे घेऊ नका. फक्त वळताना पाऊल उचला आणि दोन-तीन छोट्या पावलांत वळा. गुडघे नुसते वाजत असतील, दुखत-सुजत नसतील, तर त्या आवाजाला भिऊ नका. जिना उतरताना दुखतं, सूज येते, गुडघा मध्येच अडकतो, असं काही असलं तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

मंगळसूत्र लांब असेल तर घरी ठेवा किंवा टी-शर्टच्या आत खोचा. वाट्या हनुवटीवर आपटतात. माझ्या खालच्या ओठाला लागल्या होत्या, आणि सून घरी आल्यावर "कुणाशी भांडलात?" म्हणून विचारत होती. ओढणी नको. नेहमीची ब्रा नको, घट्ट स्पोर्ट्स ब्रा हवी. दुकानात घालून चार वेळा हात पूर्ण वर करा, खालची पट्टी वर सरकली तर माप चुकलं. आणि पूर्ण श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर घरी येऊन कपाटात पडेल.

किती जोर लावायचा? गाणं चालू असताना ओठांनी सतराचा पाढा म्हणून बघा. सतरा चोक अडुसष्टपर्यंत सलग म्हणता आला, पण तोच चालीवर गाता येणार नाही इतका श्वास वाढला असेल, तर जोर बरोबर आहे. दोन शब्दांत धाप लागली तर पावलं लहान करा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम जोराचा व्यायाम सांगितला आहे. तुमचे पन्नास मिनिटांचे तीन क्लास म्हणजे बरोबर दीडशे. त्याच संघटनेने आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितला आहे आणि तो झुंबात जवळजवळ नसतो. पन्नाशीनंतर तो टाळू नये. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला एवढंही पुरे. रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयाचं काही निघालेलं असेल, चालताना छातीत जड होत असेल, तर आधी डॉक्टर. क्लासमध्ये छातीवर दाब आला, जबड्यात किंवा हातात कळ आली, गार घाम सुटला, तर कुणाचीही भीड न धरता बसायचं आणि शेजारणीला सांगायचं.

दुखणं त्या दिवशी येत नाही. सोमवारी क्लास केलात तर मंगळवारी मांड्या कुरकुर करतील आणि बुधवारी पहाटे संडासात बसताना आई आठवेल. एक ते तीन दिवस हे चालतं. बायका सोडतात त्या नेमक्या याच बुधवारी, "मला नाही सोसत" म्हणून. बुधवारी जा, निम्म्या जोराने करा. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात ते ठीक. एकाच सांध्यात टोचतंय, तर थांबा.

आता ताजा कलम.

शिक्षक दिनाला आमच्या शाळेत बाईंच्या स्पर्धा असायच्या. लिंबू-चमच्याला सगळ्या नाव द्यायच्या. दोरीच्या उड्यांना चाळिशीच्या वरची एक येईल तर शपथ. प्रत्येकीचा गुडघा दुखायचा. "सगळ्यांचे गुडघे एकदम कसे हो धरतात?" असं मी मोठ्याने हसून विचारायचे. पुढे पन्नाशीत माझं स्वतःचं सुरू झालं आणि त्या वर्षी मीही गुडघाच सांगितला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

हे काय होतं? ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय हे सगळं तिच्यावर विसावलेलं. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी जायच्या सुमारास आणखी सैलावते. उडी, शिंक, खोकला, पोट धरून हसणं, यांत पोटातला दाब एका क्षणात वाढतो. झोळी तितक्या लवकर आवळली नाही की थेंब निसटतो. बायकांत हे फार सर्रास आहे. पण सर्रास आहे म्हणून 'आता वयच झालं' म्हणत सोसायचं कारण नाही. झोळी स्नायूंची आहे आणि स्नायू व्यायामाने सुधारतात.

बसून करा किंवा आडवं पडून. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचे आहेत असं समजून आतून आवळा आणि वर ओढा. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता येईल, हळूहळू दहापर्यंत न्या. मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. सोडणंही व्यायामाचाच भाग आहे, ते घाईत उरकू नका. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या आणि ढुंगण आवळायचं नाही, चेहरा काउंटरवर बसल्यासारखा. खरं तर काउंटरवर बसूनच करता येईल, समोरच्या खातेदाराला पत्ता लागणार नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नका, ती सवय चांगली नाही. निदान तीन महिने नेटाने करायचं, त्याआधी 'काही उपयोग नाही' म्हणायचं नाही. आणखी एक युक्ती. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. ही सवय लागली की अर्धं काम होतं. मला लागायला दोन महिने गेले.

क्लासमध्ये उडी मारायची नाही, बस. एक पाय कायम जमिनीला. सगळ्या उडतात तेव्हा तुम्ही टाचा उचला किंवा गुडघा वर घ्या, ताल तोच राहतो. निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या, पातळ पॅड लावा, टाइट्स काळ्या असू द्या. भीतीने पाणी कमी पिऊ नका, लघवी घट्ट झाली की मूत्राशय उलट जास्त चाळवतं. जळजळ, रक्त, खाली अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यातलं काही असलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नसलं तरी एकदा दाखवायला हरकत नाही. फिजिओथेरपिस्टमध्येही याच कामाच्या जाणकार असतात. आवळणं बरोबर होतंय का, हे त्या तपासून सांगतात. बऱ्याच बायका आवळण्याऐवजी खाली जोर देत राहतात आणि वाढवून ठेवतात.

सोमवारी सहा वीसला जा. तेव्हा गाणं सुरू झालेलं नसतं, शिकवणारी वायरी जोडत असते, हॉल रिकामा असतो. दणदणत्या दारातून आत शिरण्यापेक्षा हे फार सोपं. तिला सांगा, "आज पहिला दिवस आहे, उड्या मारणार नाही." कारण विचारलं तर गुडघा सांगा. माझी परवानगी आहे. दूध येताना घ्या.

बाई, मी २६ वर्षांचा. पुण्यात बाणेरला आयटीत आहे. जिमच्या संध्याकाळच्या झुंबा बॅचला जायचंय, पण तिथे सगळ्या मुली आणि बायका, मी एकटा. मित्र 'बायकांचा क्लास' म्हणून चिडवतात. जाऊ का, आणि उभं कुठे राहू?

जा की रे! झुंबा सुरू करणारा बाप्याच होता. कोलंबियातल्या काली शहरात आल्बेर्तो पेरेझ, सगळे त्याला बेतो म्हणतात, एरोबिक्स शिकवायचा. १९९०च्या दशकात एकदा क्लासची नेहमीची गाणी घरीच विसरून आला. जवळ साल्सा आणि मेरेंगेच्या स्वतःच्या कॅसेट होत्या, त्याच लावल्या आणि ऐनवेळी सुचतील तशा स्टेप करत गेला. त्यातून हे सगळं निघालं. आणि आपली लेझीम? ती तालमीतली, पैलवानांची. मी मुलींच्या हातात दिली तेव्हा "मुलींना कशाला?" म्हणणारे भेटलेच. आता मुलींची लेझीम नाही अशी मिरवणूक दाखव.

उभं राहण्याचं मात्र नीट ऐक. नाशिकच्या ताईंना मी मध्ये जा म्हटलं, तुला पुढचा कोपरा. मागे अजिबात नको. तू मागे उभा राहिलास की पुढच्या बायका अर्धा क्लास टी-शर्ट खाली ओढण्यात घालवतात. तू कितीही सज्जन असलास तरी त्यांना ते कसं कळणार? पुढे उभा राहिलास तर चुका सगळ्यांना दिसतील, हे खरं. दिसू देत. वर्ग फिरला की तू मागे येशीलच, ते तेवढ्यापुरतं. फोन लॉकरमध्ये ठेव. स्वतःचा व्हिडिओसुद्धा नको, तुझ्यामागे बत्तीस जणी त्यात येतात.

बाई, वय ६३, मुक्काम मिरज, एसटीतून निवृत्त. दहा वर्षं मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. इथे मैदानावर सकाळी सहाला ज्येष्ठांचा सामूहिक व्यायाम असतो, थोडी कवायत आणि बारा सूर्यनमस्कार. मंडळी म्हणतात, व्यायाम अनशापोटीच करायचा. मी उद्यापासून जाऊ का?

काका, उद्यापासून नको, डॉक्टरांना विचारून पुढच्या सोमवारपासून. अनशापोटीचा नियम ज्यांना गोळ्या नाहीत त्यांचा. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एकदम उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही, इन्शुलिनचंही नाही. ती गोळी पोटात अन्न असो-नसो इन्शुलिन सोडायला लावते, आणि त्यात व्यायामाने स्नायू साखर ओढून घेतात. म्हणून पहिले दोन आठवडे घरून निघताना साखर मोजा. शंभरच्या खाली असली तर आधी एक केळं खा, मग निघा. गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा मागेपुढे करू नका, व्यायाम सुरू करतोय हे सांगून ती वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

साखर उतरल्याची खूण कोणती, तर घाम, थरथर, धडधड. घरी बसलेलं असताना घाम आला की माणूस सावध होतो. मैदानावर चाळीस जण घामाने निथळत असतात, तुमच्या घामाकडे तुमचंही लक्ष जात नाही. त्यामुळे दुसऱ्या खुणा लक्षात ठेवा. हाताची बोटं कापणं, एकदम कडकडून भूक, आणि सोपी मोजणी चुकायला लागणं. पाचवा नमस्कार की सहावा हे आठवेना, तर तिथेच बसा. तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. सत्तरच्या वर आली नसेल तर परत तेवढंच. त्या दिवशीचा व्यायाम संपला. साखर काही वेळा दुपारीही उतरते, तेव्हा जेवणाला उशीर नको.

सूर्यनमस्कारांविरुद्ध मी सातारकर बोलणार नाही, औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत ते नेले. पण दहा वर्षांचा मधुमेह आहे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी ती करा. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर डोकं खाली जाणारी आसनं आणि कुंथून जोर लावणं डोळ्याला घातक ठरतं. ते असेल तर मंडळींबरोबर कवायत करा आणि नमस्कारांच्या वेळी कडेने चाला, कुणी काही म्हणणार नाही. आणि अनवाणी नको, मैदान कितीही स्वच्छ असलं तरी. पायाची संवेदना कमी झालेली असली तर खडा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर मोजे काढून तळवे बघायचे, दिसत नसतील तर काकूंना बघायला सांगायचं.

सोबत असणाऱ्या दोघांना तरी सांगून ठेवा की मला साखर आहे. आणि ती ग्लुकोजची पुडी पिशवीत नको, खिशात. पिशव्या मैदानाच्या त्या टोकाला झाडाखाली असतात. ट्रॅक पँटला खिसा नसेल तर शिवून घ्या.